ज्या कामाचे उद्घाटन होत नाही

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखरूप मजकूर)



कोणत्या विषयावर बोलणार, असे संयोजकांनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, ‘नगरपालिकेचे रस्ते आणि गटारे.’ त्यांना हे थोडे अनपेक्षित वाटले असावे. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने भांडवलशाहीच्या बदलत्या स्वरूपावर किंवा विकेंद्रीकरणाच्या तत्त्वज्ञानावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. पण मी विषय बदलला नाही, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. कित्येक नगरपालिकांत तीन-चार वर्षे प्रशासकांचे राज्य होते. त्यानंतर डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या आणि जानेवारी 2026 मध्ये महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. आपले काही साथी निवडून आले, बरेच पडले. निवडून आलेल्यांच्या हातात नागरिकांचा पहिला अर्ज पडला तो गटार तुंबल्याचा. पडलेल्यांकडेही लोक तोच अर्ज घेऊन येत आहेत. या अर्जाला आपण कोणते उत्तर देतो, यावर आपल्या समाजवादाची गावातील पत ठरणार आहे.

गटारावर बोलण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहराने 1910 साली एमिल सायडेल या समाजवाद्याला महापौर केले. पुढे डॅनियल होन हे समाजवादी 1916 ते 1940 अशी चोवीस वर्षे आणि फ्रँक झायडलर हे 1948 ते 1960 अशी बारा वर्षे तेथे महापौर होते. हे लोक आपल्या शहराच्या गटारांचे फार कौतुक सांगत, म्हणून त्यांच्याच पक्षातील क्रांतीची भाषा बोलणारी मंडळी त्यांची ‘गटारवाले समाजवादी’ अशी टिंगल करीत. मिलवॉकीच्या कार्यकर्त्यांनी ते नाव आनंदाने स्वीकारले. आपल्याकडेही मृणालताई गोरे 1961 साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. गोरेगावच्या नळांच्या प्रश्नावरून जनतेने त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्यांना मिळालेल्या सगळ्या पदांपेक्षा ही पदवी मला मोठी वाटते.

एका गल्लीची गोष्ट

मी ज्या गावात राहतो तेथील एका गल्लीची हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण आपल्यापैकी प्रत्येकाला ती आपल्याच गावाची वाटेल.

या गल्लीत पूर्वी डांबरी रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना दगडी गटारे होती. रस्ता उखडला तेव्हा जुना थर खरवडून न काढता त्यावरच नवा थर दिला गेला. काही वर्षांनी त्यावर आणखी एक थर आला. मग आमदार निधीतून काँक्रीट झाले. फलक लागला, नारळ फुटला. एवढ्या काळात रस्ता हातभर उंच झाला आणि घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली. काँक्रीट करताना एका बाजूचे गटार बुजले आणि दुसऱ्या बाजूच्या गटारावर रहिवाशांनी गाड्या लावण्यासाठी ढापे टाकले. दोन वर्षांत पाण्याची नवी वाहिनी मंजूर झाली आणि नवे काँक्रीट मधोमध फोडले गेले. चर मुरुमाने भरला आणि त्यावर पुन्हा कोणी काही घातले नाही. आता पहिल्या वळवालाच पाणी उंबरठा ओलांडून घरात येते. गल्लीच्या खालच्या टोकाला, नाल्याच्या काठी, सफाई कामगारांची वस्ती आहे. वरच्या घरांत घोटाभर पाणी असते तेव्हा तेथे गुडघ्याएवढे असते.

या हकीकतीत कोणी मोठी लबाडी केलेली नाही, हे कृपया लक्षात घ्या. प्रत्येक कामाला मंजुरी होती, निविदा होती, मोजमाप पुस्तकात नोंद होती. लेखापरीक्षकाला आक्षेप घेण्याजोगे फारसे सापडणार नाही. तरीही चार वेळा पैसा खर्च होऊन गल्ली पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेला आली. हे कसे घडते, हा आजचा माझा प्रश्न आहे.

रस्त्याचा शत्रू पाणी

अभियंत्यांच्या शास्त्रात मी पाहुणाच आहे. परंतु एक गोष्ट कोणताही ओव्हरसियर आपल्याला सांगेल. रस्त्याचा मोठा शत्रू वाहन नसून पाणी आहे. म्हणून रस्ता मधोमध किंचित उंच आणि कडेला उतरता ठेवतात. आपल्याकडच्या पावसात डांबरी रस्त्याला दर मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर एवढा उतार लागतो. पाणी कडेला जावे, कडेच्या गटारातून मोरीत, मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत, अशी ही साखळी आहे. तिचा एक दुवा तुटला की पाणी रस्त्यावर थांबते, भेगांतून खालच्या खडीत उतरते, आणि वरून चाके जाऊ लागली की खडी सुटते. आज आपल्याला दिसणारा खड्डा बहुधा महिन्यांपूर्वी तुंबलेल्या गटारात जन्माला आलेला असतो. देशावरची काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. तेथे तर हा नाश दुप्पट वेगाने होतो.

तेव्हा रस्ता आणि गटार हे एकच काम आहे. आपल्या नगरपालिकेत मात्र ती दोन कामे आहेत. रस्ता बांधकाम विभागाचा, गटाराचा गाळ आरोग्य विभागाचा, जलवाहिनी पाणीपुरवठा विभागाची, आणि केबलचा चर कोणा कंपनीचा. या कंपन्या रस्ता खोदण्यापूर्वी तो पूर्ववत करण्याचे शुल्क भरतात. ते शुल्क त्याच रस्त्यावर खर्च झाले का, असा प्रश्न सभागृहात कितीदा विचारला जातो?

मोठ्या शहराचेही हेच आहे. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेईल, तोही समुद्राला ओहोटी असताना, अशा हिशेबाने बांधलेली होती. ती दुप्पट क्षमतेची करावी, असा अहवाल 1993 साली हाती आला. नंतरची बारा वर्षे त्यातले फारच थोडे झाले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कोणत्याच व्यवस्थेला पेलला नसता, हे खरे. पण मिठी नदी भरावाने आणि बांधकामांनी आवळलेली नसती, नाले गाळाने भरलेले नसते, तर मुंबईत गेलेल्या चारशेहून अधिक जीवांपैकी काही खचित वाचले असते. आणि त्या दुर्घटनेनंतर अहवालावरची धूळ झटकली गेली. केंद्राने बाराशे कोटींची योजना मंजूर केली. बारा वर्षे जे काम कोणाच्या अग्रक्रमात बसले नाही, त्यासाठी एवढी माणसे मरावी लागली.

पैसा कोठून येतो आणि कशासाठी येतो

आता माझ्या विषयाकडे येतो. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 या कायद्याने सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत राखणे, गटारे बांधणे व साफ करणे ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये ठरविली आहेत. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरसंस्थांसाठी लिहून दिले. कर्तव्य असे घटनेपर्यंत पोहोचले, परंतु त्याच्याबरोबर पैसा पोहोचला नाही. भारतातील सगळ्या नगरसंस्थांचे एकूण उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास घोटाळते.

नगरपालिकांचा स्वतःचा मोठा कर जकात हा होता. जकात चांगला कर होता, असे मी म्हणणार नाही. त्याचा भार गरिबाच्या पिशवीवर पडे आणि नाक्यानाक्यावर चिरीमिरी चाले. पण तो व्यापाराबरोबर आणि किमतींबरोबर आपोआप वाढणारा कर होता, आणि तो गावाचा होता. नगरपरिषदांची जकात 1999 साली गेली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. महानगरपालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, तोही 2015 साली बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली आणि तेथेही भरपाईचा धनादेश सुरू झाला. परिणाम असा की, नगरपरिषदेचे हात आता दर महिन्याला मंत्रालयाकडे पसरलेले असतात. येणाऱ्या अनुदानातून पगार भागतात आणि उरतो तो घरपट्टीचा पैसा. घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हावी, असे कायदा सांगतो; पण ज्या सभागृहाला निवडणुकीला सामोरे जायचे असते ते ती पुढे ढकलते.

याउलट नव्या बांधकामासाठी पैसा येण्याच्या वाटा अनेक आहेत. 1993 पासून खासदार निधी आहे, त्याआधीपासून आमदार निधी आहे, जिल्हा नियोजनाचा पैसा आहे, नगरोत्थान आहे, विशेष रस्ता अनुदान आहे, केंद्राच्या योजना आहेत. हा पैसा प्रामुख्याने नवे उभारण्यासाठी असतो. बांधलेले राखण्यासाठी मात्र नगरपालिकेने आपल्या तिजोरीत हात घालायचा, आणि ती तिजोरी तर रिकामी. मग कोणताही शहाणा मुख्याधिकारी काय करील? तो दुरुस्ती करणार नाही. रस्ता पूर्ण उखडू देईल आणि नव्या रस्त्याचा प्रस्ताव वर पाठवील. अप्रामाणिक माणसाला तर हे सोयीचेच आहे, कारण दोनशे किरकोळ दुरुस्त्यांत मिळणार नाही ते एका मोठ्या निविदेत मिळते. पण प्रामाणिक माणसालाही ही व्यवस्था याच वाटेने ढकलते, हे मला अधिक चिंताजनक वाटते.

यात समाजाचे नुकसान किती होते? आकडे केवळ समजण्यासाठी घेतो. समजा, एक रस्ता शंभर रुपयांत झाला. दरवर्षी दोन रुपये खर्चून गटार साफ ठेवले, भेगा बुजवल्या, तर तो पंधरा वर्षे टिकतो. म्हणजे एकूण खर्च एकशे तीस रुपये. देखभाल न केल्यास तो पाच वर्षांत उखडतो आणि पंधरा वर्षांत तीनदा बांधावा लागतो, खर्च तीनशे. दोन रुपये वाचवण्याच्या नादात आपण एकशे सत्तर रुपये जादा मोजतो. शिवाय रिक्षाचालकाची कंबर, सायकलवरून पडलेली शाळकरी मुलगी, मलेरिया-डेंग्यूने बुडालेली मजुरी, यांचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. 2004 साली नगरसंस्थांच्या लेख्यांसाठी राष्ट्रीय नियमपुस्तिका आली आणि द्विनोंदी पद्धतीने मालमत्तेचा घसारा दाखवला जाऊ लागला. सुधारणा चांगली आहे. परंतु घसारा कागदावर लिहिला म्हणजे तेवढा पैसा दुरुस्तीसाठी बाजूला पडला, असे होत नाही.

चांगले रस्ते हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली सांगितले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली. न्यायालयाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु भरपाई मृत्यूनंतर येते. गटार त्याआधी साफ करावे लागते.

उतार कोणाकडे

पाणी उताराकडे वाहते आणि आपल्या गावांत समाजाचा उतारही बहुधा त्याच दिशेला असतो. गावठाण उंचावर, आणि दलितांची, भटक्यांची, मजुरांची वस्ती नाल्याकाठी. म्हणून गटाराची उपेक्षा सगळ्यांची सारखी उपेक्षा नसते. वरच्या आळीत गटार तुंबले तर दुर्गंधी येते. खालच्या वस्तीत धान्याची कोठी भिजते.

आणि हे गटार उपसतो कोण? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला कायदा 1993 साली झाला, दुसरा, अधिक व्यापक, 2013 साली झाला. मैलागटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली याचा अर्थच असा की, माणसे मरत राहिली. पूर्वी हा कामगार नगरपालिकेच्या आस्थापनेवर होता. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी त्याच्या वारसाला निदान नोकरीचा आधार तरी दिला. आता त्याच्या जागी कंत्राटदाराचा माणूस आहे. त्याचे नाव हजेरीपटावर आज आहे, उद्या नाही. हातमोजे आणि गमबूट निविदेत आहेत, त्याच्या हातापायांत नाहीत. देखभालीच्या खर्चात ‘काटकसर’ झाली असे सभागृहात सांगितले जाते, तेव्हा ती काटकसर बहुतेक वेळा या माणसाच्या मजुरीत झालेली असते. गटार कोणत्या शिरोबिंदूखाली साफ होते, कोणाच्या हाताने होते आणि त्या हाताला काय मिळते, हा आपल्या दृष्टीने गटाराच्या लांबी-रुंदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

आपलाही वाटा

साथींनो, आतापर्यंत मी इतरांचे दोष सांगितले. आता घरचे सांगतो. आपण मोर्चे काढले, खड्ड्यांत झाडे लावली, मुख्याधिकाऱ्यांना घेराव घातला. या सगळ्यांत मीही होतो. पण आपली मागणी काय असे? ‘रस्ता नवा करा.’ म्हणजे ज्या व्यवस्थेला नवेच करायचे होते तिच्याच हाती आपण निवेदन दिले. ‘आमच्या प्रभागातील गटारांसाठी कायम कामगारांची टोळी नेमा’ असे फलक घेऊन आपण किती वेळा उभे राहिलो? आणि घरपट्टी वाढीचा प्रस्ताव आला की आपण सरसकट विरोध केला. झोपडीवरच्या वाढीला विरोध योग्यच होता. पण त्याच घोषणेच्या आडोशाला चारमजली व्यापारी इमारतींचे मालकही उभे राहिले आणि आपण ते चालवून घेतले. ज्यांच्या जमिनींची किंमत सार्वजनिक रस्त्यामुळे वाढली त्यांच्याकडून तो रस्ता राखण्याचा पैसा घ्यायचा नाही, हा समाजवाद नव्हे.

या बाबतीत आपल्याला आदर्श शोधायला मिलवॉकीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा जोतीरावांनी एकट्याने त्याला विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, अशी त्यांची भूमिका होती. जोतीराव स्वतः सार्वजनिक बांधकामांचे कंत्राटदार होते, बांधकाम खात्यातील हातचलाखी त्यांनी जवळून पाहिली होती आणि तिच्यावर लिहिलेही होते. हिशेब समजणारा माणूस सभागृहात एकटा असला तरी पुरे असतो, हे त्यांच्याकडून शिकावे.

काय करावे

शेवटी काही कामे सुचवतो. निवडून आलेले आणि न आलेले, दोघांनाही ती करता येतील.

पहिले, अर्थसंकल्प मिळवा आणि वाचा. महसुली व भांडवली असे त्याचे दोन भाग असतात. रस्ते व गटारे यांच्या देखभालीची तरतूद किती, गेल्या वर्षी किती होती आणि प्रत्यक्षात खर्च किती झाली, हे तीन आकडे एका कागदावर मांडून चौकात लावा. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे.

दुसरे, प्रभागातील प्रत्येक रस्त्याची नोंदवही करा. केव्हा झाला, कोणी केला, दोषदुरुस्तीची मुदत केव्हा संपते. या मुदतीत रस्ता उखडला तर तो कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि त्याची सुरक्षा ठेव नगरपालिकेकडे असते. मुदत संपण्याच्या आधी एक लेखी तक्रार पोहोचली तर लोकांचे लाखो रुपये वाचतात. कोणी लक्ष ठेवत नाही म्हणून ठेव परत जाते आणि खड्डा आपल्याकडे राहतो.

तिसरे, गटारांचा आणि उताराचा नकाशा तयार करा. त्यासाठी यंत्र लागत नाही. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन प्रभागात फिरा. पाणी स्वतःच नकाशा काढून दाखवते. जुन्या मुकादमांना बरोबर घ्या. बुजलेल्या मोऱ्या त्यांना जेवढ्या ठाऊक असतात तेवढ्या कार्यालयातील कागदांना नसतात.

चौथे, नालेसफाई मे महिन्यात उभे राहून पाहा. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला जातो, की काठावर पडून पहिल्या पावसात परत नाल्यात जातो? किती खेपा झाल्या? कामगारांच्या पायांत गमबूट आहेत का, आणि त्यांना किमान वेतन मिळते का? हे प्रश्न एकत्रच विचारा.

पाचवे, क्षेत्रसभेची मागणी धरा. मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्रात 2009 पासून कायद्यात आहे. ती भरवण्याचा उत्साह मात्र फारसा कोठे दिसत नाही. नवा रस्ता सुरू करण्यापूर्वी त्याखालची जलवाहिनी, गटार आणि केबल यांची कामे पूर्ण झाली आहेत का, हे त्या सभेत विचारले गेले पाहिजे.

यातले एकही काम वर्तमानपत्रात छायाचित्र येण्याजोगे नाही. साफ केलेल्या गटाराला फीत नसते. बुजवलेल्या भेगेवर कोणाच्या नावाची कोनशिला बसत नाही. पाणी घरात शिरले नाही, एवढीच त्या कामाची खूण, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल मते मागता येत नाहीत. म्हणूनच ज्यांना केवळ सत्ता हवी आहे ते हे काम करणार नाहीत. ते आपल्यालाच करावे लागेल.

आमच्या त्या गल्लीच्या खालच्या टोकाला एक म्हातारी राहते. तिचे मालक नगरपालिकेत सफाई कामगार होते. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. भिंतीवर पाण्याच्या ओलीची रेघ होती आणि तांदळाचा डबा तिने फळीवर चढवून ठेवला होता. ती म्हणाली, “गुरुजी, ह्यांनी गावाची गटारं काढली तीस वर्सं. आमच्या दाराचं गटार कोन काढनार?” मी तिला उत्तर दिले नाही. तिचा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवला आहे. येत्या जूनपूर्वी त्याचे उत्तर आपल्याला कृतीने द्यायचे आहे.